इव्हिडन्स सिंथेसिसचा सहा वीकेंडचा ऑनलाइन कोर्स : साडेचार हजार वसूल झाले का?

साडेचार हजार भरून सहा शनिवार-रविवार घालवले, म्हटलं लिहून टाकावं, कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत ह्यावर काही सापडलं नव्हतं. संस्थेचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. कोर्स सामाजिक संशोधनातल्या सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचा, म्हणजे एका प्रश्नावर झालेले सगळे अभ्यास आधी ठरवलेल्या नियमानं शोधायचे, गाळायचे, तपासायचे आणि एकत्र ठेवून काय निघतं ते बघायचं. मी बेळगावजवळच्या खानापूरकडची, पीएचडीचा विषय बायकांचे बचत गट, आणि गाईड सरांनी माझं लिटरेचर रिव्ह्यूचं प्रकरण बघून म्हटलं, ही यादी झाली, रिव्ह्यू कुठाय? खरंच यादीच होती ती.

पहिले दोन वीकेंड पाण्यात. ग्लास नावाच्या अमेरिकन संशोधकानं 1976 मध्ये मेटा-अ‍ॅनालिसिस हा शब्द (म्हणजे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून एक निकाल काढणं) आणला, असे रिव्ह्यू करणाऱ्या संस्थांपैकी आरोग्याची कॉक्रेन 1993 ची, सामाजिक विषयांची कॅम्पबेल 2000 ची, हे एका स्लाइडवर भागलं असतं. प्रिझ्मा म्हणजे रिव्ह्यूत काय काय लिहायचं त्याची चेकलिस्ट, त्यातले 27 मुद्दे कोर्सच्या सरांनी एकेक करून वाचून दाखवले, वाचायला आम्हाला येतं की. वर आमच्याकडं पावसात लाइट गेली आणि रेकॉर्डिंगची लिंक आठ दिवसांनी आली.

तिसऱ्या वीकेंडला मात्र मॅडम बदलल्या आणि झोप उडाली. त्यांनी फक्त विचारलं, तुमच्या विषयाला लोक काय काय म्हणतात ते लिहा. मी लिहायला घेतलं तर संपेना: महाराष्ट्रात बचत गट, आमच्या बायका नुसतं 'संघ' म्हणतात, कन्नडात स्वसहाय संघ, सरकारी कागदावर स्त्रीशक्ती, धर्मस्थळच्या संस्थेच्या गटांना काहीजणी थेट 'धर्मस्थळ संघ' म्हणतात, आणि इंग्रजीत सेल्फ हेल्प ग्रुपची तीन-चार स्पेलिंगं, हायफन घालून आणि न घालता. ही सगळी 'ऑर' लावून जोडायची, ठिकाणाचे शब्द 'अँड' लावून, आणि तीच ओळ डेटाबेसमध्ये टाकायची, तारखेसकट लिहून ठेवायची म्हणजे दुसऱ्याला तसंच परत करता येईल. नुसतं इंग्रजीत शोधलं तर अर्धं काम हातातून जातं हे तेव्हा कळलं. शोधगंगावर, म्हणजे भारतातल्या विद्यापीठांच्या थीसिसच्या ऑनलाइन साठ्यावर, चाळायची सवयही तिथलीच.

स्क्रीनिंगला, म्हणजे सापडलेले अभ्यास गाळायला, जोडीदार दिला, माझ्या वाट्याला निपाणीची एक ताई आली. रय्यान म्हणून सॉफ्टवेअर आहे, फुकटचं खातं पुरतं, त्यात दोघींनी वेगवेगळं 'हो-नाही' करायचं, ब्लाइंड चालू असेपर्यंत एकमेकींचं दिसत नाही. उघडून बघितलं तर भांडणच! ताई फोनवर, "हे कसं घेतलंस गं? ह्यात बचत कुठाय, नुसतं फायनान्सवाल्यांचं गट लोन हाय." मी म्हटलं, "अगं ताई, गट तर आहे." तासभर वाद घालून शेवटी नियम लिहिला: बायका स्वतःची बचत गोळा करत असतील तरच घ्यायचं, नुसत्या हप्त्यापुरता जमवलेला गट नाही. हा एक तास साडेचार हजारातले तीन हजार समजा.

मेटा-अ‍ॅनालिसिस दीड दिवसात उरकला. एक गोष्ट चांगली सांगितली, की किती अभ्यासांत फायदा दिसला आणि किती अभ्यासांत नाही असं मतमोजणीसारखं मोजायचं नाही, कारण पन्नास बायकांचा अभ्यास आणि पाच हजारांचा अभ्यास एकेका मताचे कसे होतील, शिवाय छोट्या अभ्यासात खरा फरक असला तरी बऱ्याचदा पकडला जात नाही. मग आर नावाच्या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये कोड चिकटवायला लावला, फॉरेस्ट प्लॉट आला, एकेका अभ्यासाच्या आडव्या रेघा आणि खाली सगळ्यांचा मिळून हिरा, सगळ्यांनी वा म्हटलं. आय-स्क्वेअर, म्हणजे अभ्यासांच्या निकालांत योगायोगापलीकडची तफावत किती ते सांगणारा आकडा, जास्त आला तर करायचं काय, ते राहूनच गेलं.

माझी खरी तक्रार पुढं आहे. मुलाखतींवरचे अभ्यास एकत्र कसे करायचे, थीमॅटिक सिंथेसिस, मेटा-एथनोग्राफी, ह्या सगळ्याला मिळून एक तास! आणि उदाहरण काय जबरदस्त दिलं होतं, कॅम्पबेलचा 2015 चा बचत गटांचाच रिव्ह्यू, 23 आकडेवारीचे आणि 11 मुलाखतींचे अभ्यास. आकड्यांत बायकांची आर्थिक, सामाजिक, राजकीय ताकद वाढलेली दिसते, मानसिक बाजूला मात्र ठाम फरक सापडत नाही. मुलाखतींत त्याच बाजूबद्दल बायका उलट सांगतात, पैसे हाताळले, चारचौघांत बोलायला लागलो, धीर आला. आता खरं कुठलं धरायचं, की दोन्ही, की आकड्यांची प्रश्नावलीच धीर मोजू शकली नाही? मी विचारलं तर "वेळ कमी आहे, पुढच्या बॅचला घेऊ". पुढच्या बॅचचे पैसे कोण भरणार?

सर्टिफिकेटवर आडनाव चुकलंय, मेल केलाय.

नुसती पद्धत शिकायची असेल तर कॅम्पबेलचा ऑनलाइन कोर्स फुकट आहे, इंग्रजीत आहे पण सावकाश जातो. पैसे भरायचेच तर आधी विचारा, जोडीदार देता का आणि मुलाखतीवाल्या भागाला किती तास. माझ्या कोर्सला पाचपैकी तीन, त्यातले दोन त्या मॅडमचे.

आणि हो, माझं कन्नड शाळेतल्या विषयापुरतंच, बसचा बोर्ड वाचते पण थीसिस नाही. बेळगाव-खानापूर भागात कन्नड नीट वाचणारं आणि वाद घालायला न कंटाळणारं कुणी असेल तर कळवा, सात कन्नड थीसिस अजून गाळायचे पडलेत.