कांद्याचा भाव कोण ठरवतं: खर्च की शेवटचा क्विंटल?

समजा, लासलगावच्या लिलावात उन्हाळ कांद्याला ८०० रुपये क्विंटलची बोली लागली आणि शेतकऱ्याचा खर्च १२०० आहे. अ‍ॅडम स्मिथच्या (१७७६) लेखी मजुरी, नफा आणि जमिनीचा खंड धरून होणारे १२०० ही ‘नैसर्गिक किंमत’. बाजारभाव तिच्याभोवती हेलकावे खातो; तोटा झाला की लागवड घटते, भाव वर येतो.

१८७१ मध्ये जेव्हन्स आणि मेंगर या अर्थशास्त्रज्ञांनी हे उलटं केलं. खर्च झाला तो झाला. व्यापारी बघतो, आणखी एक क्विंटल घेऊन हाती काय लागेल. ट्रॉलीमागून ट्रॉली आली की त्या शेवटच्या क्विंटलची गरज उतरते, आणि त्याच प्रतीच्या सगळ्या मालाला तोच भाव.

अर्थशास्त्रज्ञ मार्शलने (१८९०) खर्च आणि मागणी या दोघांना एकाच कात्रीची पाती म्हटलं. लिलावाच्या दिवशी आवक ठरलेली, म्हणून मागणीची चलती. खर्चाचा जोर दिसायला काही हंगाम जावे लागतात. साठवणीच्या चाळीतला कांदा या दोन्हींच्या मधला: थांबता येतं, पण वजन घटतं, मोड फुटतात, सड लागते.

स्मिथच्या जुन्या हिशेबात भोक एकच, पण मोठं. लागवड होते गेल्या हंगामाच्या भावाकडे बघून, सगळ्यांची एकदम. म्हणून भाव १२०० वर टेकत नाही, ओलांडून जातो.