पलासियातील मुलांचा प्ले झोन : स्वच्छता चांगली, संसर्ग रोखण्याची व्यवस्था अपुरी

इंदूरच्या पलासिया भागात एका व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर लहान मुलांसाठी बंदिस्त प्ले झोन आहे. उन्हाळ्याच्या सुटीपासून आम्ही मुलाला तेथे नेत आहोत. घसरगुंड्या, बॉल पूल, तीन वर्षांखालील मुलांचा वेगळा कोपरा, पालकांसाठी बसायची जागा हे सारे उत्तम आहे. मी येथे एवढेच तपासणार आहे की मुलांकडून मुलांकडे जाणारे विषाणूजन्य आजार रोखण्यासाठी ही जागा काय करते, कारण पावसाळ्यात शहरातील बालरोगतज्ज्ञांकडे हात-पाय-तोंडाच्या आजाराची मुले येऊ लागली की पालकांच्या मनात पहिला प्रश्न हाच असतो.

हा आजार मुख्यतः पाच वर्षांखालील मुलांना होतो आणि लाळ, शेंबूड, फोडांतील पाणी व विष्ठा यांतून पसरतो. २०२२ मध्ये केरळात कोल्लम जिल्ह्यात ‘टोमॅटो फ्लू’ म्हणून ज्याची चर्चा झाली, तो याच आजाराचा प्रकार होता. संसर्ग झाल्यावर साधारण तीन ते सहा दिवसांनी लक्षणे दिसतात, आणि मूल बरे होऊन हुंदडू लागल्यावरही विषाणू त्याच्या विष्ठेतून कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. त्यामुळे दारातच कपाळासमोर धरला जाणारा तापमापक पालकांना दिलासा देत असला, तरी त्याच्यावर फार विसंबून चालणार नाही.

दारातच प्रत्येक मुलाच्या तळहातावर सॅनिटायझर दिले जाते. मात्र हात-पाय-तोंडाचा आजार घडवणारे एंटरोव्हायरस आणि उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस यांना बाहेरून स्निग्ध आवरण नसते, आणि अल्कोहोलचा मारा अशा आवरणाच्या विषाणूंवरच अधिक चालतो. येथे साबण आणि वाहते पाणीच हवे. बेसिन आहे, पण ते मोठ्या माणसांच्या उंचीचे. चार वर्षांचे मूल टाचा उंचावून हात पुढे करते, पाणी कोपरांवरून ओघळून बाह्या भिजवते आणि बोटांची टोके तेवढी ओली होतात. बाटलीतील साबणात इतके पाणी मिसळलेले असते की फेस येत नाही. एक लाकडी पायरी आणि न पातळ केलेला साबण, एवढ्या खर्चात ही उणीव दूर होऊ शकते.

लहानग्यांच्या कोपऱ्याचे मात्र मनापासून कौतुक करावेसे वाटते. तेथील ताई एक लाल टोपली घेऊन फिरतात. बाळाने ठोकळा तोंडात घातला की हळूच दुसरा देऊन तो काढून घेतात आणि टोपलीत टाकतात. ही खेळणी साबणाने धुऊन, वाळवून मगच परत येतात. इतकी डोळस काळजी मी शहरात अन्यत्र पाहिलेली नाही.

बॉल पूलविषयी असे म्हणता येत नाही. चेंडू आठवड्यातून एकदा धुतले जातात, ही चांगली गोष्ट आहे. पण मध्येच एखाद्या मुलाला उलटी झाली, तेव्हा वरचे चेंडू पुसून खेळ पुढे चालू ठेवल्याचे मी पाहिले. अशा वेळी बॉल पूल बंद करून सर्व चेंडू बाहेर काढायला हवेत, ते आधी साबणाच्या पाण्याने धुवायला हवेत आणि नंतर सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाच्या द्रावणात निदान पाच मिनिटे ठेवायला हवेत. बाजारात मिळणारे द्रावण पाच टक्क्यांचे असेल, तर लिटरभर पाण्यात २० मिलिलिटर मिसळल्यावर सुमारे १००० पीपीएम (दहा लाख भागांत १००० भाग) तीव्रता मिळते. घाण तशीच ठेवून औषध फवारले तर ते वाया जाते, आणि हे द्रावण रोज ताजे करावे लागते.

गोवराची गोष्ट निराळी आहे. त्याचे विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतात, त्यामुळे कितीही पुसापुशी केली तरी उपयोग नाही. नऊ महिन्यांचा आणि १६ ते २४ महिन्यांदरम्यानचा असे एमआर (गोवर-रुबेला) लसीचे दोन्ही डोस झालेले असणे हेच खरे संरक्षण, आणि ही जबाबदारी आपली, पालकांची आहे.

माझी सर्वांत मोठी तक्रार तिकिटाच्या नियमाविषयी आहे. आगाऊ आरक्षण केल्यावर पैसे परत मिळत नाहीत आणि तारीखही बदलून मिळत नाही. आमच्या मुलाला ताप आला म्हणून मी तारीख पुढे ढकलण्याची विनंती केली, तेव्हा व्यवस्थापकांनी सौजन्याने, पण ठाम नकार दिला. आम्ही पैसे सोडले. प्रत्येक घराला ते जमेलच असे नाही. वाढदिवसासाठी मोठी रक्कम भरलेली असली की मुलाला पॅरासिटामॉल पाजून आणण्याचा मोह होतो, औषधामुळे दारातील तापमापकावर आकडा सामान्य दिसतो आणि ते मूल सर्वांबरोबर बॉल पुलात उतरते. आजारी मुलाची तारीख विनाशुल्क बदलून देण्याचा नियम केला, तर दारातील साऱ्या तपासणीपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

२०१७ पासून सलग अनेक वर्षे स्वच्छ सर्वेक्षणात पहिल्या आलेल्या या शहरात चकचकीत फरशी आपण गृहीतच धरतो, म्हणून तिचे वेगळे गुण मी दिलेले नाहीत. पाचपैकी तीन तारे, त्यातला एक पूर्णपणे त्या लाल टोपलीचा. तूर्त आम्ही बॉल पूल टाळून, स्वतःचा साबण पिशवीत घेऊन जातो आणि डबा उघडण्यापूर्वी मुलाचे हात स्वतः धुतो.