चिपळूणच्या छत्रीखाली दोनदा लावलेला अंगठा

मी पुण्यात करसल्लागार आहे. महिन्याची वीस तारीख ही आमच्याकडे जीएसटीच्या ३बी विवरणपत्राची शेवटची तारीख असते आणि ती चुकली की दिवसाला पन्नास रुपये विलंब शुल्क अशिलाच्या माथी बसते. गेल्या वर्षी मामेबहिणीच्या लग्नासाठी गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत जायचे ठरले, ते नेमके या तारखेच्या तोंडावर. तीन विवरणपत्रे शिल्लक होती. फोनचा हॉटस्पॉट लावून रात्री भरून टाकू, अशा हिशेबाने लॅपटॉप आणि डिजिटल सहीचे टोकन बरोबर घेऊन निघालो. चिपळूणला गाडी बदलताना मामांना फोन केला, तेव्हा समजले की वाडीत माझ्या कंपनीची रेंजच येत नाही. येते ती दुसऱ्याच एका कंपनीची, आणि तीसुद्धा ओटीवर बसल्यावर.

अडला हरी म्हणतात, तशी माझी गत झाली होती. तारीख एकोणीस, दुपारचे चार वाजलेले आणि पुढच्या एसटीला चाळीस मिनिटे अवकाश. स्थानकापासून थोड्या अंतरावर सिमकार्ड विकणाऱ्याची मोठी रंगीत छत्री दिसली. छत्रीवर एका कंपनीचे नाव असले तरी टेबलावर दोन-तीन कंपन्यांची सिमकार्डे मांडलेली होती. त्या वेळी मला ती सोय वाटली.

लॅपटॉपवर इंटरनेट हवे आहे, हे सांगताच त्याने सिमबरोबर एक डोंगलही, म्हणजे सिम घालून लॅपटॉपला इंटरनेट पुरवणारे छोटे उपकरणही, पुढे केला. "साहेब, हॉटस्पॉटने फोन तापतो, लॅपटॉपला डोंगलच लागतो," हे त्याचे म्हणणे मी मुकाट्याने ऐकून घेतले. माझ्या फोनमध्ये दुसऱ्या सिमची जागा रिकामी होती आणि तिथे नवे सिम घातले असते तर एक पैसाही जास्त लागला नसता, हे घाईत सुचले नाही. डोंगलचे अठराशे आणि अठ्ठावीस दिवसांच्या रिचार्जचे वेगळे पैसे दिले. पावती मागितली, तर पावतीपुस्तक संपले आहे असे उत्तर मिळाले.

खरी फसवणूक झाली ती यानंतर. त्याच्या फोनला वायरीने जोडलेले, काडेपेटीपेक्षा थोडे मोठे, लाल उजेडाचे अंगठ्याचे यंत्र होते. आधार क्रमांक सांगितला, फोटो काढून झाला, अंगठा लावला. फोनचा पडदा पूर्ण वेळ त्याच्या बाजूला वळलेला होता. त्याने मान हलवली, "उमटला नाही, घाम आहे," म्हणत स्वतःच्या रुमालाने माझा अंगठा पुसला आणि मग फोटोतही डोळे मिटले आहेत असे सांगून सगळा सोपस्कार पहिल्यापासून पुन्हा केला. मला यत्किंचितही संशय आला नाही, कारण रेशन दुकानातल्या यंत्रावर आईचा अंगठा चार-चार वेळा उमटत नाही, हे मी दर महिन्याला पाहतो. आपल्याकडच्या या रोजच्या अनुभवाचाच ही मंडळी फायदा घेतात.

वाडीत पोहोचल्यावर डोंगल लावला, तर त्याचा दिवा नुसता लुकलुकत राहिला. मागचे झाकण उघडून पाहिले, तेव्हा खोक्यावरचा आयएमईआय, म्हणजे उपकरणाची ओळख सांगणारा क्रमांक एक आणि आतल्या चिकटपट्टीवरचा दुसराच निघाला. खोक्यावर ठळक अक्षरांत '४जी' छापले होते, पण आतले उपकरण जुने, फक्त ३जी चालणारे होते आणि घेतलेले सिम ज्या कंपनीचे होते तिचे जाळे ४जीच्या खाली उतरतच नाही. दोघांची गाठ पडणे शक्यच नव्हते. शेवटी सिम फोनमध्ये घातले, ओटीवर पाटावर लॅपटॉप ठेवला आणि काम सुरू केले. तेवढ्यात अर्ध्या तासात दिवसाचा दोन जीबी डेटा संपल्याचा संदेश आला. फोनच्या हॉटस्पॉटला लॅपटॉप घरचे वायफाय समजतो आणि रखडलेली सगळी अपडेट्स उतरवत बसतो. ते टाळण्यासाठी सेटिंगमध्ये ते कनेक्शन 'मीटर्ड', म्हणजे मोजक्या डेटाचे, करून ठेवावे लागते. हा दोष त्या विक्रेत्याचा नव्हे, माझाच. मध्यरात्रीनंतर नवा डेटा मिळाला आणि विवरणपत्रे एकदाची भरली गेली.

त्या रात्री इनबॉक्समध्ये आधार प्राधिकरणाचे दोन ई-मेल आले होते: एक चार वाजून बारा मिनिटांचा, दुसरा चार वाजून एकोणीस मिनिटांचा. सिम घेतले म्हणून मेल आले असतील असे समजून मी ते उघडलेही नाहीत. सुमारे पाच आठवड्यांनी, अठराशे रुपयांची चुटपुट मनात असताना, मेल उघडले, तेव्हा दोन्हींमध्ये बोटाच्या ठशाने केलेले प्रमाणीकरण, म्हणजे ओळख पटवणे, यशस्वी झाल्याचे लिहिलेले दिसले. म्हणजे पहिला अंगठा व्यवस्थित उमटला होता. आधारच्या संकेतस्थळावर गेल्या सहा महिन्यांतील प्रमाणीकरणाचा इतिहास पाहता येतो. तिथे त्या दोन नोंदींपुढे दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्या होत्या. केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये सुरू केलेल्या 'संचार साथी' पोर्टलवर माझ्या नावावरचे क्रमांक काढले, तर माझे दोन आणि मी कधीही न पाहिलेला तिसरा, असे तीन निघाले. महाराष्ट्रात एका माणसाच्या नावावर नऊ सिमकार्डे चालतात, त्यामुळे एखादे जास्तीचे सिम निघाले तरी कुठेही घंटा वाजत नाही.

त्या क्रमांकापुढे 'माझा क्रमांक नाही' हा पर्याय निवडून तक्रार नोंदवली, संदर्भ क्रमांक जपून ठेवला आणि त्याच दिवशी पुण्यातल्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. तो क्रमांक कोणाच्या हातात गेला आणि त्यावरून कोणाला कसले फोन झाले, या विचाराने आठ-दहा रात्री झोप लागली नाही. उद्या कोणाला गंडा घातला गेला, तर चौकशीचा पहिला धागा माझ्याच दारात येणार होता. दूरसंचार कायदा, २०२३ प्रमाणे फसवणुकीने सिम मिळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, पण त्यासाठी आधी तो माणूस सापडायला हवा. पुढे एका कामासाठी चिपळूणला उतरलो, तेव्हा त्या जागी नारळपाण्याची गाडी उभी होती. गाडीवाल्याला विचारले, तर तो म्हणाला, "ते छत्रीवाले येतात आणि जातात, आम्हाला नाव ठाऊक नाही."

पावती घेतली असती, किंवा 'अंगठा उमटला नाही' म्हटल्यावर पडदा माझ्याकडे वळवायला लावून दहा मिनिटे मेलची वाट पाहिली असती, तर हे तिथेच उघडे पडले असते; एसटी चुकली असती, एवढेच. आता एमआधार अॅपमधून बायोमेट्रिक्स कुलूपबंद ठेवली आहेत आणि लागतील तेव्हा काही मिनिटांपुरती उघडतो. तो तिसरा क्रमांक माझ्या नावावरच्या यादीतून गेला आहे. पोलिसांनी एकदा बोलावून जबाब घेतला, खोक्याचे आणि डोंगलचे फोटो ठेवून घेतले. डोंगल मात्र अजून माझ्याच टेबलाच्या खणात आहे.