बोल्ट नसलेला ब्रेकर म्हणून वेल्डिंग मारलेला सांगाडा घेतला, 8,52,900 रुपये गेले

मी चौदा वर्षं पोकलेनच्या धंद्यात आहे. सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचे पैसे आले, त्यातून मशीन घेतली. उलव्याची टेकडी नवी मुंबई विमानतळासाठी कापत होते तेव्हा ती तिथे चालली. हे आधीच सांगतो, कारण ज्याला काही कळत नाही तोच फसतो असं मला गेले तीन महिने घरात आणि साईटवर ऐकवलं जातंय. मला कळत होतं. तरी फसलो.

ब्रेकर म्हणजे पोकलेनच्या हाताला लावायचा दगड फोडायचा हातोडा; त्याच्या बॉडीचे तुकडे चार लांब थ्रू बोल्ट आवळून धरतात. ज्यांच्याकडे ब्रेकर आहे त्यांना या बोल्टचं दुखणं समजावायला नको. आपला काळा पाषाण फोडताना धक्का उलटा बॉडीत येतो. ऑपरेटर छिन्नीने दगड उचकटतो, दगड फुटल्यावरही दोन मार हवेत बसतात, आणि चारातला एक बोल्ट तुटतो. मग भार उरलेल्या तिघांवर, म्हणून चारही बदला. गेल्या हंगामात माझे दोनदा तुटले. त्यात व्हॉट्सॲपवर फोटो आला: बोल्टच नाहीत, एकसंध बॉडी, सुटे भाग कमी, झीज कमी. ही कल्पना खोटी नाही. मोठ्या कंपन्या एकसंध बॉडीचे ब्रेकर खरोखर बनवतात. जोड कमी, तितक्या सैल व्हायच्या आणि तुटायच्या जागा कमी. खऱ्या गोष्टीच्या आडून लुटलं, याचीच चीड जास्त आहे.

सौदा 6,20,000 ला ठरला. 9 मार्चला 51,000 टोकन फोनवरून, चार दिवसांनी 2,00,000 बँकेतून, उरलेले 3,69,000 गोडाऊनवर रोख. बिल घेतलं तर 18 टक्के जीएसटीचे 1,11,600 आणखी लागतील, कशाला घालवता, असं विकणारा म्हणाला आणि मी ऐकलं. चूक माझी आहे. पण आमच्या लायनीत जुना माल असाच फिरतो आणि 64,300 चा हप्ता डोक्यावर असताना लाखभर रुपये वाचत असतील तर कोण नको म्हणेल? कोटेशनवर जीएसटी नंबर होता, तो 24 ने सुरू होत होता. 24 म्हणजे गुजरात; महाराष्ट्राचा 27. कारखाना नवी मुंबईत रबाळ्याला सांगणाऱ्याचा नंबर गुजरातचा कसा? पोर्टलवर टाकून बघायला एक मिनिट लागतं. मी ते मिनिट पैसे गेल्यावर काढलं, तेव्हा तो नंबर रद्द झालेला निघाला.

तो क्षण मात्र वेगळाच. महापे-शीळ रस्त्याच्या बाजूला गोडाऊन. ब्रेकर पिवळाजर्द, रंगाचा वास अजून येत होता. मी सवयीने बॉडीवरून हात फिरवला आणि पुढचं डोकं जिथे सिलिंडरला मिळतं तिथे बोटांना रंगाखाली खवले लागले. माशाच्या खवल्यांसारखे, एकावर एक. वेल्डिंगची ओळ अशीच लागते, हे मला झोपेतही कळतं. मी विचारलं, तो म्हणाला, “दादा, ओतकामाची रेघ आहे.” ओतकामाची रेघ सरळ असते, तिला खवले नसतात. माझा हात तिथेच थांबला होता. पण बाहेर टेम्पो भाड्याने उभा, सोबत मेहुणा, त्याच्यासमोर पैसे मोजून दिलेले. मी हात उचलला आणि गप्प राहिलो. रात्री अजून तीच जागा बोटांना लागते.

डेमोही त्याच्याच आवारात, त्याच्याच दगडावर, तोही आधीच चिरलेला. आपल्या मशीनवर, आपल्या दगडावर किमान दोन तास चालवल्याशिवाय कुणालाही पैसे देऊ नका. आणि “ग्रीस लागत नाही” असं म्हणणाऱ्याला तिथेच हाकला. डिझाईन कितीही साधं असो, छिन्नी बुशमध्ये घासतेच. दर दोन तासांनी, छिन्नी दाबून, चिझल पेस्ट म्हणजे छिन्नीचं जाड ग्रीस मारावंच लागतं.

अकरा तास चालला. ऑपरेटर म्हणाला, “शेठ, मार बसत नाही, पाईप थरथरतोय.” उघडलं तर जुन्या ब्रेकरचे बोल्ट कापून टाकलेले आणि दोन तुकडे बाहेरून वेल्डिंगने जोडलेले. त्या उष्णतेने सिलिंडरचं बोअर वाकडं झालं, पिस्टन एका बाजूने घासला, लोखंडाचा चुरा तेलात उतरला आणि तेलाबरोबर माझ्या पोकलेनच्या पंपात गेला. पंपाचे 1,86,400, नवीन तेलाचे 38,000, टेम्पोचे 8,500. मशीन तेवीस दिवस उभी, ते वेगळंच. नवा ब्रेकर लावलात तर पहिल्याच दिवशी रिटर्न फिल्टर (परत येणारं तेल गाळणारा) कापून चुरा बघा.

आता पोलीस. पहिल्या ठाण्यात सांगितलं, गोडाऊन आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या ठाण्यात सांगितलं, पैसे तुम्ही नवी मुंबईतून दिले, तिकडे जा. हद्दीचा वाद असला तरी तक्रार लिहून घेऊन नंतर पाठवता येते, त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात, हे मी तोंडावर सांगितलं. उत्तर आलं, “हा दिवाणी वाद आहे, माल तर मिळालाय ना?” माल मिळाला! सांगाड्याला माल म्हणायचं? सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, 1930 वर, फोन केला, तिथेही हेच: वस्तू हातात आली म्हणजे सायबर फसवणूक नाही. ग्राहक आयोगाचं विचारलं तर सांगितलं, व्यवसायासाठीची खरेदी बसत नाही. स्वयंरोजगारावर पोट भरणाऱ्याला कायद्यात सूट आहे, हे मीच वाचून दाखवलं. मग म्हणाले, बिल आणा. सहा चकरा, प्रत्येक वेळी नवीन टेबल, आणि प्रत्येक टेबलवाला मला बिल का नाही घेतलंत हे विचारतो. ज्याने लुटलं त्याचा नंबर माझ्या हातात आहे, तो कुणी लिहूनही घेत नाही.

भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं आहे. ठाण्यात घेतलं नाही म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या 173(4) प्रमाणे वरिष्ठांना रजिस्टर पोस्टाने लेखी तक्रार पाठवली आहे. त्यानंतरही हलले नाहीत तर मॅजिस्ट्रेटकडे जाणार. तुमच्यावर वेळ आली तर तोंडी सांगत बसू नका, पहिल्याच दिवशी लेखी द्या आणि पोच घ्या.

ब्रेकर माझ्या आवारात तसाच ठेवलाय. पंचनामा होईपर्यंत हलवू नका म्हणाले, पंचनाम्याला मात्र कुणी आलेलं नाही. गेल्या आठवड्यात ओळखीच्या एकाला त्याच माणसाचा फोटो आला: पिवळा ब्रेकर, मागे निळा पत्रा, बाजूला लिंबाचं झाड. तसा फोटो तुम्हाला आला असेल तर टोकन पाठवू नका आणि फोटो आलेला नंबर पुसू नका. माझ्या तक्रारीला जोडायला तो हवा आहे.