सिम्युक्यूब २ प्रो, आठ महिन्यांनी: जोर कमी केला तेव्हा गाडी कळली

कॉम्प्युटरवर गाडीची शर्यत खेळायचं स्टीअरिंग, सिम्युक्यूब २ प्रो, घेऊन आठ महिने झाले. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर सगळं जोराबद्दलच लिहिलं असतं. २५ न्यूटन-मीटर (चाक फिरवणारा जोर यात मोजतात), दुसऱ्या दिवशी भरून आलेले दंड, गेममध्ये भिंतीला गाडी लागली की हातातून हिसकून जाणारं चाक. आज मी बेसची, म्हणजे ज्यावर चाक बसतं त्या मोटरच्या डब्याची, कमाल ताकद ६० टक्क्यांवर, म्हणजे १५ न्यूटन-मीटरवर ठेवतो आणि लांब वळणात हाताला सात-आठच लागतात. तरीही या वस्तूवर घातलेले पैसे वसूल झाले असं मी म्हणतो. ते कसे, हे जरा सविस्तर सांगतो.

मी भोसरीत मशीन मेंटेनन्सचं काम करतो. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनचे सर्व्हो म्हणजे नेमक्या फिरणाऱ्या मोटर, त्यांना चालवणारे ड्राइव्ह, मोटर किती फिरली ते मोजणारे एन्कोडर यांच्याशी रोजची गाठ. त्यामुळे डायरेक्ट ड्राइव्ह स्टीअरिंग म्हणजे काय हे मला समजावून घ्यावं लागलं नाही. मशीनच्या अक्षाला जशी मोटर असते तशीच सर्व्हो मोटर, आणि तिच्या शाफ्टवर थेट बसवलेलं चाक. मध्ये गिअर नाही, पट्टा नाही. आधी माझ्याकडे गिअरचं, दोन-सव्वादोन न्यूटन-मीटरचं स्टीअरिंग होतं. त्यावर पाच वर्षं गाडी चालवली आणि भरपूर शिकलो, त्याला नावं ठेवणार नाही. पण गिअर म्हटला की दातांमध्ये मोकळीक आली. ती मोकळीक नेमकी मध्यावर असते, आणि गाडी सरळ धावताना स्टीअरिंग मध्यावरच असतं. गाडी सांगत असते ते बारीक बारीक सगळं त्या मोकळिकीत बुडून जातं.

सिम्युक्यूबची पाळंमुळंही आमच्याच धंद्यातली. ते बाजारात येण्याआधी हौशी मंडळी मिगे या चिनी कंपनीची कारखान्यात लागणारी सर्व्हो मोटर आणायची, तिला फिनलंडच्या ग्रॅनाइट डिव्हायसेसचा ड्राइव्ह जोडायची आणि घरच्या घरी स्टीअरिंग बनवायची. त्याला ओपन सिम व्हील म्हणत. त्याच ग्रॅनाइट डिव्हायसेसने पुढे सिम्युक्यूब काढलं आणि २०१९ मध्ये सिम्युक्यूब २ आलं. त्यात मोटर, ड्राइव्ह, एन्कोडर सगळं एकाच डब्यात. स्पोर्ट १७ न्यूटन-मीटरचा, प्रो २५ चा, अल्टिमेट ३२ चा. प्रोचा एन्कोडर २२ बिटचा आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याचे ४१ लाखांहून जास्त भाग तो ओळखतो. एवढी बारकाई आमच्या शॉपमधल्या कित्येक मशीनना नाही. पंखा नाही, त्यामुळे बेसचा स्वतःचा आवाज जवळजवळ शून्य.

आता जोराचा हिशेब. ३० सेंटिमीटर व्यासाचं चाक धरलं तर २५ न्यूटन-मीटर म्हणजे कडेला साधारण १७ किलोचा ओढा. पंधरा लिटरचा भरलेला पाण्याचा कॅन हातांना लटकवून वळण घेतल्यासारखं. जुन्या स्टीअरिंगवर हाच ओढा दीड किलोच्या आसपास होता. पहिल्या संध्याकाळी मी पूर्ण ताकदीवर अर्धा तास चालवलं, आणि त्या रात्री पाण्याचा तांब्या धरतानाही हात थरथरत होता. तेव्हा वाटलं, खरी गाडी म्हणजे हीच. तो गैरसमज निघायला दोन महिने लागले. जीटी३, म्हणजे स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्यांना पॉवर स्टीअरिंग असतं, तिथे चाक एवढं जड लागण्याचं कारणच नाही. इंडीकारला, म्हणजे अमेरिकेतल्या उघड्या चाकांच्या शर्यतीच्या गाडीला, पॉवर स्टीअरिंग नसतं, तिथे जड चाक शोभतं.

मग एवढी ताकद कशाला? एका शब्दात सांगायचं तर, फाटू नये म्हणून. गणपतीच्या मांडवातला स्पीकर ऐपतीपेक्षा मोठा लावला की आवाज फाटतो. गाणं चालू असतं, पण शब्द कळत नाहीत. स्टीअरिंगचंही तसंच होतं. दोन न्यूटन-मीटरची मोटर लांब वळणातच पूर्ण ताणलेली असते. तेवढ्यात गाडीचं चाक कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंच पट्टीवर चढलं, तर ते सांगायला तिच्याकडे काही उरलेलं नसतं. इकडे वळणात आठ आणि कमाल पंधरा, म्हणजे मधले सात धक्क्यांसाठी मोकळे. कर्ब कर्बसारखा लागतो आणि वळणाचा भार त्याखाली तसाच जाणवत राहतो. जोर वाढवायच्या नादात मी पहिले दोन महिने ही मोकळी जागाच खाऊन टाकत होतो.

जोर कमी केल्यावर जे कळलं ते नेमकं दाखवतो. आयरेसिंग या शर्यतीच्या गेममधली माझदा एमएक्स-५, अमेरिकेतल्या लगुना सेकाचा ट्रॅक. गाडीही साधी, ट्रॅकही सदस्यत्वासोबत मिळणारा, कोणीही करून पाहावं. चढ चढून कॉर्कस्क्रू या उतरत्या वळणाच्या तोंडाशी आलं की पुढे फक्त आकाश दिसतं आणि त्यापलीकडे रस्ता १८ मीटर खाली कोसळतो. माथ्यावर पुढच्या चाकांवरचं वजन उतरतं आणि स्टीअरिंग हातात पोकळ होतं. जुन्या स्टीअरिंगवर मला हे फक्त डोळ्यांनी कळायचं. आता पोकळ होताना, पूर्ण पोकळ झाल्यावर आणि पुन्हा भरताना, असे तीन वेगळे क्षण हातात येतात. तिसरा क्षण सगळ्यात मोलाचा. टायर पुन्हा रस्त्याला चिकटतोय हे हाताला आधी कळतं, आणि त्याच वेळी मी चाक थोडं सोडतो. पूर्वी तिथे दहातल्या तीन लॅपमध्ये गाडी मागून फिरायची. गेल्या महिन्यात सलग वीस लॅप काढले, एकदाही फिरली नाही.

यामागचं कारण टायरमध्ये आहे. वळणात टायर स्वतःहून सरळ व्हायला बघतो आणि तोच ओढा आपल्या हातात येतो. पण पुढच्या टायरची पकड टोकाला पोचायच्या जरा आधीच हा ओढा कमी व्हायला लागतो. म्हणजे चाक हलकं झालं तर समजायचं, पकड संपत आली. हे हलकं होणं अर्ध्या-एका न्यूटन-मीटरचं असतं. दंड आवळून २० न्यूटन-मीटरशी झुंजणाऱ्या हाताला ते कळणं शक्यच नाही. सैल पकडीत, सात-आठ न्यूटन-मीटरवर ते स्वच्छ कळतं.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. स्वारगेट ते महाड, भोरवरून वरंध घाटातून, तेही पॉवर स्टीअरिंग नसलेल्या गाड्यांवर. तिसऱ्या आठवड्यात माझा उजवा अंगठा मुरगळला होता. भिंतीला गाडी घातली, चाक उलटं फिरलं आणि आरीला अडकवलेला अंगठा त्याच्याबरोबर गेला. चूक पूर्ण माझी. धडक दिसत असताना हात सोडायला हवे होते. बाबांनी पट्टी बांधलेला अंगठा पाहिला आणि विचारलं, "आत ठेवला होतास?" मी हो म्हटलं. "अरे, अंगठा नेहमी चाकाच्या वर. खड्ड्यात टायर आदळला की स्टीअरिंग झटका देतं. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं."

पुढच्या रविवारी त्यांना बसवलं. सत्तरी ओलांडलेली, पण हात चाकावर गेले ते थेट एसटीतल्यासारखे, अंगठे वरून सरळ. जर्मनीतलं नॉर्डश्लायफ लावून दिलं, २०.८ किलोमीटरचा डोंगरातला ट्रॅक, म्हटलं घाटातल्या माणसाला हाच बरा. तीन-चार वळणं संथ घेतली. मग एका उतारावर वेग जास्त झाला, पुढची चाकं सरकायला लागली, आणि माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत त्यांनी पाय उचलला. विचारलं, कसं कळलं? म्हणाले, "हलकं झालं ना. पावसात घाटात गाडी सरकायच्या आधी असंच हलकं होतं." या आठ महिन्यांत या वस्तूला मिळालेलं याहून मोठं प्रशस्तिपत्र माझ्याकडे नाही. ज्याने आयुष्यात कधी गेम खेळला नाही, त्याला पहिल्या दहा मिनिटांत टायरची भाषा ओळखू आली.

बसवण्याबद्दल मात्र कळकळीने सांगतो. नवीन बेस मी आधी जुन्याच स्टँडवर लावला. कर्बवर गेलो की काहीतरी थरथरायचं आणि मला वाटायचं, हाच तो बारकावा. मग शॉपमधून बारीक हालचाल मोजायचा डायल आणून बेसच्या तोंडाशी लावला आणि चाकाला दोन्ही हातांनी जोर दिला. काटा अडीच मिलिमीटर फिरला. म्हणजे मोटर जे सांगत होती त्यातला बराचसा भाग स्टँड वाकण्यातच जात होता. चाळीस बाय ऐंशी मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम सेक्शनची रिग, म्हणजे स्टीअरिंग-पेडल बसवायचा सांगाडा, भोसरीतच कापून घेतली, पुढे जाड प्लेट आणि तिला बेसचे चार बोल्ट. तोच डायल, तोच जोर, काटा जेमतेम हलला. त्या रात्री चालवलं तेव्हा दुसरंच स्टीअरिंग आणल्यासारखं वाटलं. एक सवयही लावून घ्या. महिन्यातून एकदा ॲलन की घेऊन सगळे बोल्ट तपासायचे, कारण धक्क्यांनी सेक्शनच्या खाचेतले टी-नट सैल होतात.

बेसबरोबर ताकद तोडायचं बटण येतं. आमच्याकडे मशीनवरच्या अशा बटणाला इमर्जन्सी म्हणतात. ते रिगच्या मागे लटकवून ठेवलेलं मी बऱ्याच फोटोंत पाहतो. मागे नको. बसल्या जागी हात जाईल तिथेच हवं. घरात लहान मूल असेल तर आपण खुर्चीतून उठताना ते दाबायचं आणि मगच उठायचं. थांबलेलं चाक खेळण्यासारखं दिसतं, पण ती कारखान्यातल्या ताकदीची मोटर आहे.

ट्रू ड्राइव्ह हे त्याचं सॉफ्टवेअर. त्यात सेटिंग कमी-जास्त करायच्या इतक्या पट्ट्या आहेत की पहिला महिना मी गाडी कमी आणि पट्ट्या जास्त चालवल्या. आयरेसिंगचं गणित सेकंदाला ३६० वेळा चालतं, पण स्टीअरिंगकडे इशारा नेहमीच्या पद्धतीत ६० वेळाच जातो. मधल्या पायऱ्या घासून गुळगुळीत करायचं काम रिकन्स्ट्रक्शन फिल्टरचं. तो शून्यावर ठेवला तर चाक खरखरतं, फार वाढवला तर सगळं लोण्यासारखं मऊ होतं आणि कर्बची धार जाते. मी ३ वर थांबलो. डॅम्पिंग आणि फ्रिक्शन, म्हणजे चाकाच्या फिरण्याला मुद्दाम दिलेला अडथळा, थोडं हवंच, नाहीतर सरळ रस्त्यावर हात सोडला की चाक डावं-उजवं झुलत राहतं.

पुण्यातल्या घरात वापरायचं तर आणखी दोन गोष्टी. लाईट गेली की चाक त्याच क्षणी मोकळं होतं. माझा पीसी यूपीएसवर होता पण बेस नव्हता, त्यामुळे एकदा शर्यतीत पडदा चालू आणि हातात मेलेलं चाक, अशी वेळ आली. आता दोन्ही एकाच यूपीएसवर आहेत. दुसरी गोष्ट, बेस शांत असला तरी रिगमधून जमिनीत धक्के जातात. खालच्या काकूंनी दोनदा विचारलं की वर भिंत फोडताय का. रिगखाली जाड रबर मॅट टाकलं आणि रात्री दहानंतर बंद हा नियम केला. मध्ये काही दिवस यूएसबी तुटायची, तोही दोष बेसचा नव्हता. मी जोडलेली स्वस्तातली एक्स्टेन्शन वायर काढल्यावर पुन्हा कधीच तुटली नाही.

पैशाचं स्पष्ट बोलतो. सीमाशुल्क, आयजीएसटी आणि जहाज-विमानाचा खर्च धरून हा आकडा एखाद्या बऱ्या मोटरसायकलच्या घरात जातो, आणि चाक, पेडल वेगळे. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर चालत नाही, फक्त पीसी. म्हणून क्रम सांगतो. आधी लोडसेलचा, म्हणजे पायाचा दाब मोजणारा ब्रेक, मग न हलणारी रिग, आणि मग हे. ब्रेक पायाच्या दाबावर चालायला लागला की वेळ जेवढा सुधारतो तेवढा कुठल्याही स्टीअरिंगने सुधारत नाही. माझा लगुनाचा उत्तम लॅप या बेसमुळे फक्त तीन दशांश सेकंदाने खाली आला. सुधारलं ते सातत्य.

आज पुन्हा घ्यायचं असतं तर प्रो न घेता स्पोर्ट घेतला असता. माझ्या १५ न्यूटन-मीटरला १७ पुरले असते. इंडीकार किंवा पॉवर स्टीअरिंग नसलेल्या फॉर्म्युला गाड्याच चालवणाऱ्याने प्रो घ्यावा, तिथे त्याची ताकद कामी येते. आणि ज्याचं बजेट यातल्या कशालाच पुरत नाही त्याने मन छोटं करू नये. फॅनाटेक सीएसएल डीडी हा दुसऱ्या कंपनीचा बेस ८ न्यूटन-मीटरपर्यंत जातो, मोझा आर९ नऊपर्यंत, आणि मी रोज वळणात सात-आठच वापरतो. एका मित्राकडे नऊचा बेस आहे. त्याच्यावर कॉर्कस्क्रूच्या माथ्यावरचं ते पोकळ होणं मला लगेच ओळखू आलं. फरक कर्बवर आणि मोठ्या धक्क्यांत कळला, कारण तिथे त्याला वर जागा कमी पडत होती.

माझं सेटिंग हवं असेल त्यांच्यासाठी: कमाल ताकद ६० टक्के, रिकन्स्ट्रक्शन फिल्टर ३, डॅम्पिंग १२ टक्के, फ्रिक्शन ८ टक्के. बाबांसाठी वेगळं प्रोफाइल आहे, त्यात ताकद ७५ आणि डॅम्पिंग ३० टक्के, कारण त्यांना माझं चाक फार हलकं लागतं.