कॉलेज फुटबॉल बघायला काय घ्यायचं: सगळ्या चॅनलचा बंडल की आपल्या टीमपुरतं ॲप?

आमच्या सिएटलकडच्या मराठी ग्रुपवर ऑगस्ट लागला की ठरलेला प्रश्न येतो, मुलगा कॉलेजला लागलाय, शनिवारी त्यांची मॅच बघायचीय, तर यूट्यूब टीव्ही (केबलसारखा सगळ्या चॅनलचा बंडल, फक्त इंटरनेटवर) घेऊ का ईएसपीएन (नुसत्या खेळांच्या चॅनलचं ॲप) घेऊ का अजून काही? आणि मग जो तो आपल्या घरात जे चालू आहे तेच सांगतो. मी हे सगळं करून, पैसे घालवून बसलेय म्हणून नीट लिहिते. आधी एकच बघा, तुमची टीम कुठल्या कॉन्फरन्समध्ये आहे आणि त्या कॉन्फरन्सने आपल्या मॅचेस कुणाला विकल्यात. नव्वद टक्के उत्तर तिथेच मिळतं.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. फुटबॉल म्हणजे इथला हाताने फेकायचा फुटबॉल, आणि कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट, पण खरं महत्त्वाचं म्हणजे हा गट टीव्हीचे हक्क एकत्र विकतो आणि आलेले पैसे वाटून घेतो. १९८४ पर्यंत हे सगळं एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या देशपातळीवरच्या संस्थेच्या हातात होतं, कुठली मॅच टीव्हीवर दाखवायची ते तेच ठरवायचे, मग ओक्लाहोमा आणि जॉर्जियाच्या युनिव्हर्सिट्या कोर्टात गेल्या, सुप्रीम कोर्टाने एनसीएएची मक्तेदारी मोडली आणि तिथून कॉन्फरन्सांचा बाजार सुरू झाला.

आता प्रत्येक गट कुठे दिसतो ते बघू. दर २०२५ च्या सीझनचे धरलेत, घेताना एकदा तपासून घ्या.

बिग टेन आधी घेते, कारण माझी मुलगी युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनला आहे आणि सगळ्यात जास्त डोकेदुखी इथेच आहे. नावात टेन असलं तरी टीम १८ आहेत. २०२२ मध्ये त्यांनी फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या तिघांशी मिळून सात वर्षांचा, ७ बिलियन डॉलरच्या वरचा करार केला. दुपारची पहिली मोठी मॅच फॉक्सवर, नंतरची सीबीएसवर, रात्रीची एनबीसीवर, उरलेल्या एफएस१ (फॉक्सचं खेळांचं चॅनल) आणि बिग टेन नेटवर्कवर, आणि काही फक्त पीकॉकवर (एनबीसीचं ॲप). आमचा २०२४ चा सीझनच बघा ना, ॲपल कप (वॉशिंग्टन स्टेटबरोबरची दरवर्षीची मॅच) पीकॉकवर, रटगर्स फॉक्सवर, मिशिगन एनबीसीवर, इंडियाना बिग टेन नेटवर्कवर आणि पेन स्टेट परत पीकॉकवर! आयोवाची मॅच तर आमच्या सकाळी ९ ला सुरू झाली, मी पोह्याचं पातेलं गॅसवर ठेवून एका हाताने रिमोट दाबतेय आणि मुलगी डॉर्ममधून फोनवर विचारतेय की आई कुठल्या चॅनलवर आहे. तिथे ४०-१६ असे हरलो, ते पोहे कुणाच्या घशाखाली उतरले नाहीत.

यात गंमतीची नाही तर खरंच समजून घ्यायची गोष्ट म्हणजे रटगर्स आणि वॉशिंग्टन एका गटात आलेच कसे. माझी मावसबहीण एडिसनला राहते, तिचा मुलगा शेजारीच पिस्कॅटवेला रटगर्समध्ये शिकतो. रटगर्सला २०१४ मध्ये घेतलं ते खेळ फार भारी होता म्हणून नाही, तर न्यू जर्सी आणि न्यू यॉर्कच्या केबलवाल्या घरांसाठी. बिग टेन नेटवर्क २००७ मध्ये सुरू झालं होतं आणि ज्या राज्यात गटाचं कॉलेज असेल तिथल्या घरांकडून केबलवाला या चॅनलचे बरेच जास्त पैसे घ्यायचा, मग त्या घरात कुणी मॅच बघो न बघो. आपल्या सोसायटीत तळमजल्यावरच्यालाही लिफ्टचा मेंटेनन्स भरावा लागतो तसंच. एक कॉलेज आत घेतलं की अख्ख्या राज्याची बिलं वाढणार, इतका सोपा हिशोब होता तो.

पण मग लोकांनी केबल तोडायला सुरुवात केली. ईएसपीएन २०११ च्या सुमाराला जवळजवळ १० कोटी घरांत होतं, तिथून आकडा घसरत घसरत आता त्याच्या दोन तृतीयांशावर आलाय. न बघणारे लोकच पैसे भरत होते आणि नेमके तेच निघून गेले. त्यामुळे आता नुसती घरं मोजून भागत नाही, खरोखर टीव्हीसमोर बसणारी माणसं लागतात, आणि ती मोठ्या नावांच्या मॅचला बसतात. म्हणून २०२१ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमाने एसईसीची, म्हणजे दक्षिणेकडच्या कॉलेजांच्या गटाची वाट धरली, ३० जून २०२२ ला लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए बिग टेनकडे गेल्या, आणि ४ ऑगस्ट २०२३ ला ऑरेगन आणि आमची वॉशिंग्टन. या दोघींना सुरुवातीला वर्षाला साधारण ३० मिलियन डॉलर ठरले, म्हणजे जुन्या सभासदांच्या जवळपास निम्मे, तरी गेल्या. म्हणजे बघा, रटगर्सला घरांसाठी घेतलं, आम्हाला मॅचेससाठी, दहा वर्षांत धंद्याचं गणितच उलटं झालं आणि त्यात मावसबहिणी एका गटात आल्या. २७ सप्टेंबर २०२४ ला शुक्रवारी रात्री पिस्कॅटवेला आम्ही २१-१८ असे हरलो तेव्हा तिचा व्हिडिओ कॉल आला होता, मागे भाचा ओरडत होता, मला खूप बरं वाटलं तो आवाज ऐकून, हरलो असूनसुद्धा.

तर बिग टेनवाल्यांनी काय घ्यावं? खिडकीला चिकटवायचा अँटेना पंचवीस-तीस डॉलरला मिळतो, त्यावर फॉक्स, सीबीएस, एनबीसी फुकट. एफएस१ आणि बिग टेन नेटवर्कसाठी फॉक्सचं ॲप, फॉक्स वन, १९.९९, आणि पीकॉक १०.९९. महिन्याला ३१ डॉलर झाले, सप्टेंबर ते नोव्हेंबर ९३. यूट्यूब टीव्ही ८२.९९ म्हणजे तीन महिन्यांचे २४९ च्या घरात, आणि एवढं देऊन पीकॉकवरच्या मॅचेस त्यात नाहीतच, ते वेगळं घ्यावंच लागतं. मी पहिल्या वर्षी बंडल घेऊन निर्धास्त बसले होते आणि ॲपल कपच्या दिवशी दुपारी घाईघाईने पीकॉक घेतलं.

एसईसीचं मात्र एकदम सुटसुटीत आहे. जॉर्जिया, अलाबामा, टेक्सस, टेक्सस ए अँड एम, फ्लोरिडा यांच्यापैकी कुठे मूल असेल तर डोळे मिटून ईएसपीएनचं ॲप घ्या, २९.९९. पूर्वी यांची शनिवारची मोठी मॅच सीबीएसवर असायची, सीबीएस वर्षाला ५५ मिलियनच्या आसपास देत होतं, ईएसपीएनने जवळपास ३०० मिलियन मोजले आणि २०२४ पासून सगळं एका छपराखाली आलं. त्या ॲपमध्ये ईएसपीएनचे सगळे चॅनल, एसईसी नेटवर्क आणि ईएसपीएनने एबीसीवर (त्याच कंपनीचं चॅनल) दाखवलेल्या मॅचेसही येतात. डॅलस आणि ऑस्टिनच्या आपल्या लोकांना मी हेच सांगते, बंडलच्या मागे लागू नका. ३० नोव्हेंबर २०२४ ला टेक्सस आणि ए अँड एम बारा-तेरा वर्षांनी परत भिडले, ती मॅचसुद्धा एबीसीवरच होती.

एसीसीचंही तसंच, ईएसपीएन ॲपमध्ये एसीसी नेटवर्क येतं, थोड्या मॅचेस सीडब्ल्यूवर असतात आणि सीडब्ल्यू अँटेनावर फुकट. स्टॅनफर्ड आणि बर्कली आता एसीसीत आहेत, हो, ॲटलांटिक कोस्टच्या गटात, पॅसिफिकच्या काठावर बसून! त्यामुळे बे एरियावाल्यांनो, तुमचं उत्तरही ईएसपीएन. बिग ट्वेल्व्ह, म्हणजे ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट, कोलोरॅडो, युटा, ह्यूस्टन वगैरे, ईएसपीएन आणि फॉक्समध्ये वाटलंय, तर दोन्हींचा जोड-पॅक ३९.९९ ला मिळतो तो बरा पडतो, तुरळक मॅचेस टीएनटी या केबलच्या चॅनलवर जातात त्या सोडून द्या. नोटर डेम कुठल्याच गटात नाही, त्यांच्या घरच्या मॅचेस १९९१ पासून एनबीसीवर आहेत, तेवढ्यासाठी अँटेना आणि पीकॉक पुरे.

आता पॅक-ट्वेल्व्ह, म्हणजे वॉशिंग्टनचा आधीचा, पश्चिमेकडच्या कॉलेजांचा गट. मला याबद्दल लिहिताना अजून वाईट वाटतं. इथे वीस वर्षं राहून जो खेळ कळायला लागला तो या गटामुळे, आणि शेवटच्या सीझनला, २०२३ मध्ये, वॉशिंग्टन थेट नॅशनल फायनलपर्यंत गेली होती. या लोकांनी २०१२ मध्ये स्वतःचं चॅनल काढलं आणि मालकी शंभर टक्के स्वतःकडे ठेवली, बिग टेनने फॉक्सला भागीदार केलं तसं केलं नाही, मग चॅनल विकायला मागे मोठा कुणी उभा नाही, डायरेक्टटीव्ही या मोठ्या डिशवाल्या कंपनीने ते कधी घेतलंच नाही. पुढे २०२३ मध्ये मॅचेसच्या हक्कांसाठी ॲपलची ऑफर आली, तीत बराच भाग किती लोक सबस्क्रिप्शन घेतात त्यावर अवलंबून होता. कॉलेजांना हातात पक्का आकडा हवा होता. ४ ऑगस्टच्या सकाळी सही होणार अशी आशा होती आणि संध्याकाळपर्यंत पाच कॉलेजं बाहेर पडली. मागे राहिल्या ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट, दोघींचं काही चुकलं नव्हतं, फक्त त्यांची गावं, कॉर्व्हॅलिस आणि पुलमन, टीव्हीच्या हिशोबात लहान पडली. आता बॉइझी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट वगैरेंना घेऊन २०२६ पासून गट नव्याने उभा राहतोय, सीबीएस, सीडब्ल्यू आणि यूएसए नेटवर्कवर. प्रेक्षकाला मात्र हा पर्याय स्वस्त आहे, सीबीएस आणि सीडब्ल्यूसाठी अँटेना लावला की बऱ्याच मॅचेस दिसतील. मुलं पुलमनला असतील तर त्यांच्या आईवडलांनी आधी अँटेनाच लावून बघावा.

मग बंडल कुणी घ्यावा? ज्यांच्या घरात दोन मुलं दोन वेगळ्या गटांत आहेत, ज्यांना एनएफएल आणि एनबीएही बघायचंय, ज्यांचं घर आमच्यासारखं टेकडीआड आहे आणि अँटेनाला चॅनल पकडत नाही (मी दोन खिडक्या बदलल्या, शेवटी वरच्या खोलीत चाललं), आणि ज्यांच्याकडे आजीआजोबा आलेत आणि चार ॲप उघडणं त्यांना जमणार नाही. रेकॉर्डिंगही छान आहे, डीव्हीआरला मर्यादा नाही, एका घरात सहा जणांची खाती चालतात. पण बंडल घेतला की सगळं कायम दिसेल ही खात्री नाही. ३० ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर २०२५, ऐन सीझनच्या मध्यात, पैशांच्या वादात ईएसपीएन आणि एबीसी यूट्यूब टीव्हीवरून गायब होते, दोन शनिवार गेले. दोन मोठ्या कंपन्यांचं भांडण झालं की मध्ये आपण अडकतो, आणि हे भांडण दर एकदोन वर्षांनी होणारच, कारण कॉलेजांना कबूल केलेले पैसे कुणाकडून तरी वसूल करायचेच आहेत. कॉलेजांचा खर्चही वाढलाय, जुलै २०२५ पासून खेळाडूंना थेट पैसे देता येतात, एका कॉलेजला वर्षाला साधारण २०.५ मिलियनपर्यंत, त्यामुळे टीव्हीचा पैसा कमी होऊ द्यायला कुणीच तयार होणार नाही.

प्लेऑफचं, म्हणजे सीझनच्या शेवटच्या बाद फेऱ्यांचं, वेगळं धरा. आता १२ टीम असतात, हक्क ईएसपीएनकडे आहेत, पहिल्या फेरीतल्या दोन मॅचेस टीएनटीवर गेल्या होत्या. बिग टेनवाल्यांनी नोव्हेंबरअखेर फॉक्स वन आणि पीकॉक बंद करून, टीम पुढे गेली तरच डिसेंबर-जानेवारीसाठी ईएसपीएन घ्यावं. मी हेच करते.

आणि वर्षाचं पॅक स्वस्त दिसतं म्हणून घेऊ नका, महिन्याचंच घ्या, डिसेंबरच्या पहिल्या तारखेला फोनमध्ये आठवण लावा, माझं एक ॲप असं एप्रिलपर्यंत चालू राहिलं होतं. मूल आत्ता पहिल्या वर्षाला असेल तर ते पास होईपर्यंत गट आणि चॅनल बहुधा हेच राहतील, कारण बिग टेनचा करार २०३० पर्यंत आहे आणि बिग ट्वेल्व्हचा २०३१ पर्यंत. धाकटा अजून शाळेत असेल तर त्याच्यासाठी आत्ता काही ठरवू नका, फक्त अँटेना जपून ठेवा.