आमचा फोक क्लब: माइक नाही, स्टेज नाही, तरी जाच

आमच्या इथल्या फोक क्लबबद्दल, म्हणजे लोकगीतं गाण्या-वाजवण्याच्या क्लबबद्दल, बरेच जण विचारत असतात म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. बरेच महिने नियमित जातेय, त्यामुळे हा काही पहिल्या भेटीतला उत्साह नाहीये.

इंग्लंडमध्ये 1950-60 च्या दशकात असल्या क्लबांची लाटच आली होती आणि साचा अजून तोच चालू आहे, म्हणजे पबच्या वरच्या मजल्यावरची एक खोली, दाटीवाटीने मांडलेल्या खुर्च्या, आठवड्यातली ठरलेली एक संध्याकाळ आणि हौसेने गाणारी माणसं. स्पीकर, माइक काहीच नाही. खोलीच्या एका टोकाला जी जरा मोकळी जागा उरते तीच स्टेज.

आधी कामाचं सांगते. इथे दोन प्रकारच्या रात्री असतात. एक गेस्ट नाइट, म्हणजे बाहेरचा नावाजलेला कलाकार येतो, तिकीट असतं, आणि क्लबची माणसं मधेमधे एकेक गाणं म्हणून जागा भरतात. दुसरी सिंगर्स नाइट, जिथे नाव दिलं की कोणालाही साधारण दोन गाणी मिळतात. नवीन असाल तर पहिल्यांदा सिंगर्स नाइटलाच जा, कारण क्लब खरा तिथे दिसतो, गेस्ट नाइट म्हणजे शेवटी एक छोटी मैफल. दारात एक बाई वही घेऊन बसलेल्या असतात, गाणार का विचारतात, नाही म्हटलं तर विषय संपला, कोणी भरीस पाडत नाही. हे मला फार आवडलं.

आता नेहमीची मंडळी. मेलोडियनवाले (मेलोडियन म्हणजे बटणांचं, भात्याचं छोटं अकॉर्डियन) आजोबा जवळपास दर वेळी पहिले. मेलोडियनचं बटण एकच पण भाता दाबताना एक सूर आणि ओढताना दुसरा, त्यामुळे साधी चाल वाजवायलाही हात सारखा आत-बाहेर, आणि त्यातूनच त्या वाद्याला तो उसळता झटका येतो की पाय आपोआप ठेका धरतो. समोरच्या खुर्चीत बसलात तर डाव्या अंगठ्याने हवेचं बटण दाबल्यावर भात्यातून सुटणारा फुस्स आवाज आणि चामडी पट्ट्याची करकर पण ऐकू येते. रेकॉर्डिंगमध्ये ही मजा नाही. आजोबा बोलत जवळजवळ नाहीतच, चाल जिग आहे की रील (दोन्ही नाचाच्या चालींचे प्रकार) एवढं पुटपुटतात आणि सुरू.

मग त्या बॅलड, म्हणजे गोष्ट सांगणारी जुनी गाणी, म्हणणाऱ्या काकू. साथीला काहीही नाही, नुसता गळा. आधी चाइल्ड नंबर सांगतात, म्हणजे फ्रान्सिस जेम्स चाइल्ड नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने 1882 ते 1898 मध्ये जे 305 इंग्लिश-स्कॉटिश बॅलड छापले त्यातला क्रमांक, आणि जुनेजाणते नंबर ऐकूनच मान डोलावतात. काकूंचं वैशिष्ट्य असं की गाण्यात खून होवो, जहाज बुडो की भूत येऊन दार ठोठावो, चेहरा हलत नाही. वीस-पंचवीस कडवी, आवाज चढवणं नाही, हातवारे नाहीत. सुरुवातीला कोरडं वाटतं, पण मग कळतं की गोष्ट पुढे सरकतेय आणि आपण पुढच्या कडव्यासाठी श्वास धरून बसलोय. माझ्या मते क्लबमधलं सगळ्यात भारी गाणं त्यांचंच, गेस्ट धरून बोलतेय.

तिघांचं एक शँटीवालं टोळकं आहे. शँटी म्हणजे जहाजावर दोर ओढताना म्हणायची गाणी, एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची, जोर ज्या शब्दावर तिथेच सगळ्यांनी दोर ओढायचा. इथे दोर नाही पण सगळी खोली धृपद घेते, आणि कोणीही न शिकवता मागच्या रांगेतून खालचा सूर येतो, खिडकीजवळून वरचा, तो एक प्रकार अंगावर काटा आणतो. तुम्हाला गाता येत नसेल तरी इथे खपून जातं, आवाज इतका असतो की तुमचा कोणाला कळणारच नाही.

गिटारवाला तरुण (तरुण म्हणजे या खोलीच्या हिशोबाने, पन्नाशीचा असेल) वाजवतो सुंदर. पण तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावायच्या, पुढच्या गाण्याला परत नेहमीसारख्या, मग परत उलट, असं सगळं आपल्यासमोर चालतं आणि वर विनोद सांगतो. भाऊ, एकतर दोन गिटारी आण किंवा गाण्यांचा क्रम बदल.

तक्रारी अजून आहेत. काही जणांची प्रस्तावना गाण्यापेक्षा लांब असते, गाणं कोणाकडून मिळालं, त्याला कोणाकडून मिळालं, आणि मग टॅबलेटवर शब्द शोधणं. बोड्रान, म्हणजे तो हातात धरून काठीने वाजवायचा आयरिश डफ, एकावेळी एकच असावा असं माझं स्पष्ट मत आहे, कधीकधी तीन निघतात आणि तिघांची लय तीन ठिकाणी. खाली मॅच चालू असेल तर नेमक्या शांत कडव्यात गोल होतो आणि जमिनीतून आरडाओरडा वर येतो. जिना उभा आहे, लिफ्ट नाही, गुडघे दुखत असतील तर आधी विचार करा. आणि वयाचं म्हणाल तर पांढरे केसच जास्त, पण कोणी परकं वाटू देत नाही हे खरं.

सूत्रसंचालन करणारे गृहस्थ सांगत होते की 2005 पर्यंत पबला वेगळं लायसन्स नसेल तर एकावेळी फक्त दोनच वादक चालायचे, तिसरा उभा राहिला की नियम मोडला. 2012 च्या लाइव्ह म्युझिक कायद्यानंतर स्पीकर नसलेल्या गाण्याबजावण्याला सकाळी 8 ते रात्री 11 लायसन्सच लागत नाही. म्हणून 11 च्या आत सगळं आवरतात, आणि म्हणूनच उशिरा नाव दिलंत तर कधीकधी एकच गाणं मिळतं.

मध्यंतरात रॅफल, म्हणजे बक्षिसांची सोडत, असतं, तिकीट घ्या, त्या पैशातून पुढच्या गेस्टच्या मानधनाला हातभार लागतो. बक्षिसं मात्र भंगार असतात, मला एकदा वापरलेल्या तारांचं पाकीट मिळालं. जागा हवी असेल तर सुरू व्हायच्या पंधरा मिनिटं आधी पोचा आणि खिडकीजवळच्या दोन खुर्च्या सोडून बसा, त्या ठरलेल्या माणसांच्या आहेत, कोणी बोलणार नाही पण सगळे बघतील.